सुखाच्या देशात सात दिवस

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर कोजागिरीच्या रात्री केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगण्यात आलंय. मी शाळेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. भूगोलाच्या बाईंना वेळ दिला की त्या घंटा झाल्याशिवाय थांबत नाहीत, हे माझे इथे बसलेले दोन माजी विद्यार्थी सांगतील. तेव्हा कुणीतरी पातेल्याकडे लक्ष ठेवा.

भूतान हा देश मी दरवर्षी एका तासात संपवत असे. भूवेष्टित देश, उत्तरेला तिबेट, बाकी तिन्ही बाजूंनी भारत. राजधानी थिंफू, भाषा झोंगखा. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण केरळएवढं. लोकसंख्या मात्र आठ लाखांच्या आतच. लिहून घ्या, दोन मार्कांना येतं. आमचे हे मला नेहमी चिडवायचे, "न पाहिलेल्या देशाचे मार्क कसे काय कापतेस गं?" म्हणून निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी तिथे जायचं ठरवलं. २०२० च्या एप्रिलची तिकिटं काढली होती. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. भूताननं त्या मार्चमध्ये प्रवाशांसाठी दार लावलं, ते २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उघडलं. तोवर हे राहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती आत्तापर्यंत फक्त सेक्रेटरींना माहीत होती. भूतानला निघण्याच्या आठ दिवस आधी मी सोसायटीच्या ऑफिसात एक अर्ज दिला होता. फ्लॅट विकायचा आहे, ना-हरकत दाखला मिळावा, असा. मुलगा पर्थला असतो. तो गेली दोन वर्षं म्हणतोय, "आई, एकटी काय करतेस तिथे? विकून टाक आणि ये." सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि म्हणाले, "काकू, विकायच्या आधी शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर व्हायला हवं. अजून काकांचंच नाव आहे. त्याचा फॉर्म मी तुम्हाला तीनदा पाठवलाय." खरं होतं ते. तिन्ही वेळा मी तो फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. म्हटलं, भूतानहून आले की भरते.

तर २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या सोसायटीतले आम्ही सात जण निघालो. पाच बायका आणि दोन पुरुष. पुरुष आले ते बायकांवर लक्ष ठेवायला, असं त्यांचं म्हणणं. मुंबईहून विमानानं कोलकातामार्गे बागडोगरा, तिथून चहाच्या मळ्यांमधून गाडीनं जयगाव. जयगाव आपल्या पश्चिम बंगालमधलं, आणि त्याला चिकटून पलीकडे भूतानचं फुन्शोलिंग. मध्ये रंगीत ड्रॅगन काढलेली एक कमान. अलीकडे रिक्षा, हॉर्न, गर्दी, कचरा. कमान ओलांडली की हॉर्न बंद. माणसं तीच, हवा तीच, पण गाडी झेब्रा क्रॉसिंगपाशी थांबते आणि चालक आपल्याला हातानं 'जा' म्हणतो. आम्ही सातही जण तिथे उभेच राहिलो. आपल्यासाठी गाडी थांबलीय हे आमच्या लक्षातच येईना.

आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. रुपया चालतो, कारण त्यांचं न्गुलट्रम आपल्या रुपयाबरोबरीचं. घड्याळ मात्र अर्धा तास पुढे करायचं. आणि भारतीयांना माणशी, रात्रीला १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. ते पैसे देशातली आरोग्यसेवा, शिक्षण, जंगलं, रस्ते यांच्यासाठी वापरतात. सात माणसं, सहा रात्री, ५०,४०० रुपये झाले. आपले माजी खजिनदार काका पावतीकडे बघून म्हणाले, "म्हणजे मेंटेनन्स भरायला आपण इथवर आलो!" नंतरच्या सात दिवसांत स्वच्छ रस्ता दिसला, स्वच्छ नदी दिसली की आम्ही म्हणायचो, "काका, मेंटेनन्स." आणि परत निघताना काकाच म्हणाले, की पैसे कुठे जातात ते दिसलं तर माणूस कुरकुर करत नाही. हे मी कार्यकारिणीकडे बघून म्हणत नाहीये.

फुन्शोलिंग ते थिंफू हा रस्ता घाटाघाटांचा. तळाशी केळी, सुपारी, आणि चार-पाच तासांत पाईन. १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा हा रस्ता नव्हता. इंदिराजींना बरोबर घेऊन ते तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावर, याकवर बसून डोंगर ओलांडत गेले. नंतर आपल्या सीमा सडक संघटनेच्या 'दंतक' प्रकल्पानं हा रस्ता बांधला. वाटेत चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प लागतो. तोही भारताच्या मदतीनं उभा राहिलेला, आणि तिथली वीज आपल्याकडेही येते. पाणी त्यांचं, बांधणी दोघांची, दिवे दोघांकडे. वर्गात मी हे कधीच सांगितलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं ना!

थिंफूत ट्रॅफिक सिग्नल नाही. मुख्य चौकात देवळासारखी रंगवलेली छोटी छत्री आहे, आणि तिच्यात पांढरे हातमोजे घातलेला पोलीस हातांनी वाहनं वळवतो. एकदा सिग्नल बसवला होता म्हणे, पण लोकांना तो रुक्ष वाटला, म्हणून काढून पुन्हा माणूस उभा केला. आपल्याकडे गेटवर बूम बॅरियर बसवायचा की नाही यावर तीन सर्वसाधारण सभा झाल्या. मी बॅरियरच्या बाजूनं होते. आता आपल्या वॉचमनदादांच्या बाजूनं आहे.

आमचा वाटाड्या तिशीचा मुलगा होता. अंगात घो, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा त्यांचा पोशाख. बायका किरा नेसतात. शाळेत, ऑफिसात, झोंगमध्ये हा पोशाख घालावाच लागतो. झोंग म्हणजे किल्लाच, पण अर्ध्या भागात सरकारी कचेऱ्या आणि अर्ध्या भागात मठ. तो प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ला' म्हणायचा. नमस्कार 'कुझुझांगपो ला', धन्यवाद 'कादिन्छे ला'. हा 'ला' म्हणजे आपलं 'अहो-जाहो'. हिंदी आणि इंग्रजी बोलतानाही तो 'ला' जोडायचा. "यस ला. नो ला." नाही म्हणतानासुद्धा आदर! आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी तो आठवडाभर वापरून पाहिला. 'कृपया गाडी काढा ला.' गाडी निघाली नाही, पण भांडणही झालं नाही.

त्या मुलाला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमचा देश जगातला सर्वांत सुखी देश ना?" हसला तो. म्हणाला, "मॅडम, सगळे पाहुणे हेच विचारतात."

आता हे सुखाचं प्रकरण काय ते सांगते. १९७० च्या दशकात त्यांचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक म्हणाले, की सकल राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा सकल राष्ट्रीय आनंद महत्त्वाचा. मग त्याची मोजणी ठरली. नऊ क्षेत्रं ठरवली: मनाचं स्वास्थ्य, आरोग्य, शिक्षण, वेळेचा वापर, संस्कृती, कारभार, समाजजीवन, निसर्ग आणि राहणीमान. घरोघर जाऊन प्रश्न विचारतात. झोप किती मिळते, काम किती तास करता, शेजाऱ्यांशी कसं आहे. म्हणजे 'तुम्ही सुखी आहात का?' एवढंच विचारून थांबत नाहीत. 'सुखी व्हायला जे लागतं ते तुमच्याकडे आहे का?' असं विचारतात. मला वाटतं, हा प्रश्न बरा आहे. त्याचं उत्तर 'नाही' आलं तरी पुढे काहीतरी करता येतं.

आणि काही गोष्टी त्यांनी केल्यात. देशाची किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील, असं त्यांच्या राज्यघटनेतच लिहिलंय. प्रत्यक्षात त्याहून अधिक जंगल आहे. घटनेनं दहावीपर्यंत शिक्षण आणि प्राथमिक आरोग्यसेवा मोफत. याच राजांनी २००६ मध्ये स्वतःहून मुलाकडे गादी दिली, आणि २००८ मध्ये तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. लोक म्हणत होते, आम्हाला राजाच हवा, आणि राजा म्हणत होता, मतदान करा! घटनेत राजालाही ६५ व्या वर्षी निवृत्ती आहे. हे ऐकून आपल्या कार्यकारिणीतले काही सभासद गंभीर झालेले मला इथून दिसताहेत.

पण मी शिक्षिका आहे, अर्धंच उत्तर लिहिलं तर पूर्ण मार्क देत नाही. भूतानच्या दक्षिण भागात नेपाळी बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १९९० च्या सुमारास 'एक देश, एक पोशाख, एक रीत' असा आग्रह वाढला, नागरिकत्वाचे कागद तपासले गेले, आणि त्यांतल्या लाखभर माणसांना देश सोडावा लागला. ती नेपाळमधल्या छावण्यांत कित्येक वर्षं राहिली, आणि २००७ नंतर त्यांतली बरीचशी अमेरिकेत आणि इतर देशांत नेऊन वसवली गेली. फिरताना हे कुणी सांगत नाही. मी परत येऊन वाचलं. सगळे एकसारखे असले की शांतता सोपी असते. आपल्या तीन विंगमध्ये किती भाषांची, किती देवांची माणसं आहेत, आणि तरी पंचवीस वर्षं आपण एका टाकीचं पाणी पितोय, हेही काही कमी नाही.

थिंफूत मला सर्वांत आवडलं ते तिसऱ्या राजांच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये बांधलेलं पांढरं चोर्तेन. चोर्तेन म्हणजे स्तूप. सकाळी सहापासून तिथे म्हातारी माणसं जमतात आणि उजव्या हातानं प्रदक्षिणा घालतात. हातात जपमाळ किंवा फिरवायचं छोटं मणिचक्र. दमलं की बाकावर बसायचं, थर्मासमधला चहा ओतायचा, गप्पा मारायच्या, पुन्हा उठायचं. मला एकदम आपली बाग आठवली. संध्याकाळी आपणही असेच गोल फिरतो की! फरक एवढाच, की ते मंत्र म्हणतात आणि आपण पाण्याच्या प्रेशरबद्दल बोलतो.

सी विंगमधल्या वहिनी, ज्या दर रविवारी विहारात जातात, त्या आमच्यात सर्वांत उत्सुक होत्या. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्यांचे आजोबा त्या मैदानावर होते. पहिल्या मठात शिरल्यावर त्या जरा गोंधळल्या. भूतानचा बौद्ध धर्म वज्रयान परंपरेतला. बुद्धाच्या शेजारी गुरू पद्मसंभव, उग्र रूपांच्या रक्षक देवता, लोण्याच्या दिव्यांची रांग. वहिनी मला म्हणाल्या, "आमच्यात नवस नाही, चमत्कार नाहीत. इथे दोन्ही आहेत. हे माझं नाही." मग त्या बुद्धाच्या मूर्तीसमोर बसल्या आणि वीस मिनिटं उठल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पण हा माझा आहे." मी काही विचारलं नाही. काही तास शिकवायचे नसतात.

थिंफूहून पुनाखाला जाताना दोचुला ही खिंड लागते, सुमारे ३,१०० मीटरवर. तिथे १०८ चोर्तेन एकत्र बांधली आहेत. आसामातल्या बंडखोरांनी भूतानच्या जंगलांत तळ ठोकले होते. २००३ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या सैन्यानं ते उठवले. त्या मोहिमेत पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ ही चोर्तेन. हवा स्वच्छ असेल तर इथून गांगखार पुएनसुम दिसतं, ७,५७० मीटर उंच. माणसाचं पाऊल न पडलेलं जगातलं सर्वांत उंच शिखर ते हेच, असं मानतात. शिखरांवर देवांचं घर आहे म्हणून भूताननं गिर्यारोहणच बंद केलंय. आम्हाला शिखर दिसलं नाही, नुसतं ढग. दोन्ही पुरुष हळहळले. मला काही वाटलं नाही. जिथे जायचंच नाही, ते दिसलं नाही तरी चालतं.

पुनाखाचा झोंग १६३७-३८ मधला. एका बाजूनं फो छू, म्हणजे बापनदी, दुसऱ्या बाजूनं मो छू, आईनदी, आणि संगमावर हा पांढरा झोंग. एप्रिल असल्यामुळे भिंतींना लागून निळी-जांभळी जॅकरंडाची फुलं. जवळच मुलं व्हावीत म्हणून जोडपी जातात ते चिमी ल्हाखांग आहे, आणि त्या परिसरातल्या घरांच्या भिंतींवर जी चित्रं काढलेली असतात त्यांचं वर्णन मी इथे मुलांसमोर करणार नाही. एवढंच सांगते, की आपल्या दोन्ही काकांनी बराच वेळ चष्मे पुसले.

शेवटच्या तीन रात्री पारोला एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो होतो. मातीच्या जाड भिंतींचं घर, लाकडी खिडक्यांवर वेलबुट्टी, चुलीपाशी वाळत घातलेल्या लाल मिरच्या. मिरची तिथे मसाला नव्हे, भाजी आहे! मिरची आणि चीज एकत्र शिजवलेलं 'एमा दात्शी', आणि सोबत लाल तांदळाचा भात. कोल्हापूरच्या आपल्या वहिनी सोडल्या तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

घरात एकटी आजी. त्यांच्याकडे आईला 'आमा' म्हणतात, आम्हीही तिला आमा म्हणू लागलो. वयानं माझ्याएवढीच, ६७-६८. हिंदी बरं बोलायची, सगळं टीव्ही मालिकांवरून शिकलेली. भूतानमध्ये टीव्ही आला १९९९ मध्ये, तेव्हापासून आपल्या सासवा-सुना तिथे मुक्कामाला आहेत. जेवण झाल्यावर तिनं डबा उघडला. पान, चुना, सुपारी! 'दोमा' म्हणतात. सुपारी ओली, वास इतका उग्र की नाकाला रुमाल लावावा. पण डबा पुढे करायची रीत अगदी माझ्या आईसारखी. झाकण उघडून, डबा फिरवून, चुन्याची बाजू आपल्याकडे.

तिनं विचारलं, "मुलं?" म्हटलं, "एक मुलगा. पर्थला." ती खळखळून हसली. आत गेली, फोन घेऊन आली. तिची मुलगीही पर्थला! मुलगी, जावई, दोन वर्षांचा नातू. आम्ही दोघींनी फोन शेजारी शेजारी धरले. पर्थ भूतानच्या घड्याळात दोन तास पुढे, आपल्या घड्याळात अडीच. आठ वाजले की तिचा फोन वाजतो, माझा साडेसातला. तिकडे त्यांचे दहा वाजलेले असतात. दिवसभराचं काम आटपून, झोपायच्या आधी आपल्या मुलांचे पाच मिनिटांचे फोन!

मग कळलं, ही एका घराची गोष्ट नाही. गेल्या काही वर्षांत भूतानमधली हजारो तरुण माणसं ऑस्ट्रेलियात गेली आहेत. शिक्षक, नर्स, सरकारी नोकरीतली माणसं. आमचा वाटाड्याही इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी आलात तर मी नसेन ला." त्यांचा 'लुनाना' नावाचा सिनेमा २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्यातल्या तरुण शिक्षकालाही ऑस्ट्रेलियालाच जायचं असतं. मी त्याला म्हटलं, "अरे, एवढा सुंदर देश, मोफत शाळा, मोफत दवाखाना. मग का जातोस?" तो म्हणाला, "तुमचा मुलगा का गेला ला?" मी गप्प बसले. त्या दोन वर्षांच्या नातवाचा फोटो पाहून झाला होता, आणि मुलगा का गेला हे मी स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं. तिथे पगार चांगला, हे उत्तर झालं. पण तो गेला तेव्हा मीच त्याची बॅग भरली होती आणि मीच पेढे वाटले होते, सगळ्या विंगमध्ये. तुम्ही खाल्लेत ते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमा देवघरात होती. घरातली सर्वांत चांगली खोली देवघराची. बुद्धापुढे सात वाट्या ओळीनं मांडल्या होत्या. रोज सकाळी त्यांत ताजं पाणी भरायचं, संध्याकाळी रिकाम्या करून पुसून ठेवायच्या. पाणीच का? तर म्हणे, पाणी द्यायला गरिबालाही परवडतं, आणि दिल्यावर मनात 'मी दिलं' असं राहत नाही. त्या भागात घर आणि जमीन बहुतेक मुलीकडे जाते. मी विचारलं, "मुलगी तिकडे, मग घराचं काय? विकणार?" तिला प्रश्नच कळेना. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मागच्या वर्षी चार महिने गेले होते ना मी पर्थला, नातू झाला तेव्हा."

"मग वाट्या?"

"शेजारीण भरायची. ती थिंफूला लेकाकडे गेली की तिच्या मी भरते."

असं म्हणून ती सातवी वाटी भरायला लागली. काठोकाठ नाही आणि रिकामीही नाही, गव्हाच्या दाण्याएवढी जागा सोडून.

त्याच दिवशी तक्त्सांगची चढण होती. तुम्ही फोटोत पाहिलं असेल, कड्याला चिकटलेला मठ. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून तिथल्या गुहेत आले, अशी कथा. मठ १६९२ मधला, १९९८ मध्ये आगीत जळला, पुन्हा बांधून २००५ मध्ये खुला झाला. ३,१२० मीटरवर. अर्ध्या वाटेपर्यंत घोडी मिळतात, मी घोडीवर बसले. घोडी कड्याच्या अगदी टोकावरून चालते, आणि तिला हाकणारा फोनवर बोलत असतो. त्या पाऊण तासात मी जेवढे देव आठवले तेवढे एरवी वर्षभरात आठवत नाही.

पुढची वाट पायी. वाटेत खडकांच्या कपारींत मातीचे छोटे शंकू ठेवलेले दिसले. उकडीच्या मोदकाएवढे, काही रंगवलेले, काही नुसतेच मातीचे. शेकड्यांनी. मला वाटलं मुलांनी खेळायला केलेत. हात लावणार, तेवढ्यात वाटाड्या म्हणाला, "नको ला. ही माणसं आहेत." माणूस गेला की दहन करतात, आणि राखेतली थोडी राख मातीत कालवून साच्यातून हे १०८ छोटे स्तूप करतात. त्याला 'त्सात्सा' म्हणतात. पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवून देतात.

मी विचारलं, "नाव नाही लिहीत?"

"नाही ला."

"मग आपला कुठला ते ओळखायचं कसं?"

"ओळखायचं नसतं ला. हळूहळू माती होते."

मी तिथेच एका दगडावर बसले. समोर दरीपलीकडे मठ दिसत होता. तिथून शेकडो पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या. माझे गुडघे नाही म्हणाले. सी विंगच्या वहिनी आणि बाकीचे पुढे गेले. मी दोन तास त्या कपारीपाशी बसून होते. सांगायला हरकत नाही, मी तिथे रडले. अडीच वर्षांत पहिल्यांदा. यांच्या अस्थी आम्ही नाशिकला सोडल्या, दिवस केले, सगळं रीतसर झालं होतं. पण दारावरची पाटी मी रोज पुसत होते आणि तो एक फॉर्म भरत नव्हते. घर विकायला निघाले होते, आणि त्याच घराच्या कागदावरचं नाव बदलायला तयार नव्हते. म्हणजे मला घर विकायचं नव्हतंच. मला त्या घरातून पळायचं होतं. हे मला पारोच्या डोंगरावर, अनोळखी माणसांच्या राखेशेजारी बसून कळलं.

वहिनी परत आल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता त्यांनी पिशवीतून लिमलेटची गोळी काढून दिली. उतरताना घोडी मिळत नाही, उतरावर बसू देत नाहीत. तेव्हा सगळी वाट वहिनींचा हात धरून उतरले. रात्री आमानं लाकडी टबात तापलेले दगड टाकून औषधी पाल्याचं गरम पाणी करून दिलं. गुडघे मऊ झाले. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं सगळ्यांच्या मुठीत थोडे लाल तांदूळ ठेवले.

तर आता हिशेब देते. परत आल्यावर पहिल्या रविवारी मी शेअर सर्टिफिकेटचा फॉर्म भरून दिला. सेक्रेटरींनी पोच दिली. विक्रीचा अर्ज परत घेतला. दारावरची पाटी यांचीच आहे आणि तशीच राहील, कागदावर मात्र आता माझं नाव आहे. मुलगा रागावला नाही. म्हणाला, "मग निदान सहा महिने तरी ये." येत्या नोव्हेंबरात जाते आहे. किल्ली समोरच्या ताईंकडे ठेवली आहे. तुळशीला पाणी त्या घालतील. एप्रिलमध्ये त्या लेकीकडे बंगळुरूला जातात, तोवर मी परत आलेली असेन, त्यांच्या कुंड्या मी बघेन.

भूतान सुखी आहे का, असं मला सगळे विचारतात. मला माहीत नाही. तिथेही घरं रिकामी होताहेत, तिथेही आयांना फोनची वाट पाहावी लागते, आणि तिथूनही माणसांना हाकललं गेलंय. पण ती वाटी कोण भरेल, हे आमाला ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं. समोरच्या ताईंना विचारायला मला अडीच वर्षं आणि भूतानची एक सहल लागली, आणि त्यांनी 'हो' म्हणायला एक क्षणही लावला नाही.

आपल्या सोसायटीत ६० फ्लॅट. आज त्यांतल्या ११ दारांना कुलूप आहे, आणि आणखी १४ घरांत एकटंच माणूस राहतं. मी स्वतः जिने चढून मोजलंय. रौप्यमहोत्सवात आपण रोषणाई करणार आहोत, स्मरणिका काढणार आहोत, छानच आहे. माझी एकच सूचना आहे, कार्यकारिणीनं ती लिहून घ्यावी. प्रत्येक मजल्यावर कुणाची किल्ली कुणाकडे आहे, याची एक वही करावी. त्या वहीत पहिली नोंद माझी घ्या. बी विंग, तिसरा मजला, किल्ली समोर.

दूध आटलेलं दिसतंय. आमानं दिलेल्या लाल तांदळांतले मूठभर मी आज घरून करून आणलेल्या खिरीत घातलेत, रंग वेगळा दिसला तर घाबरू नका.